विहीरवाला, घाईवाला आणि आमची पाठभिंत

तुमचा आवडता संगीतकार कोण, असं विचारलं की लोक पटकन नाव सांगतात. मला सांगता येत नाही. आवडता आहे, पण त्याचं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही ते त्याचं वाटलं नाही. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते भिंतीतून, आणि आमच्या घरात त्याला विहीरवाला म्हणत. हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. अक्कांनी आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता.

धुळ्यातलं आमचं घर एका टॉकीजच्या बरोबर मागे होतं. मागे म्हणजे पाठीला पाठ लावून. टॉकीजची पडद्यामागची भिंत आणि आमच्या मागच्या खोलीची भिंत यांत जेमतेम एक बोळ, त्यातून मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. सिनेमाचे मोठे स्पीकर पडद्याच्या मागे असतात, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. स्थळ बघताना मुलाची नोकरी विचारली, स्वभाव विचारला, सोनगीरजवळच्या शेतात विहिरीला पाणी किती तेही विचारलं. स्पीकर कुठे आहेत हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पहिल्याच दुपारी मी नवी नवरी म्हणून मागच्या खोलीत बसले होते आणि पाठीमागची भिंत घुमायला लागली. अक्का म्हणाल्या, बारा वाजले.

त्या घरात घड्याळाकडे कुणी बघत नसे. पहिलं गाणं लागलं की डाळ शिजायला टाकायची, मध्यंतराची शांतता झाली की भाकरी, आणि मारामारी सुरू झाली की भांडी घासायला बसायचं. सिनेमा बदलला की दोन दिवस सगळ्यांची जेवणं मागेपुढे व्हायची.

भिंत काय सोडायची आणि काय अडवायची याचा तिचा एक नियम होता. शब्द ती गाळायची. माणसं बोलतात एवढं कळायचं, काय बोलतात ते नाही. गाण्याचे बोलही तसेच. बारीक, उंच सूर ती खाऊन टाकायची. जाड, खालचे सूर मात्र जसेच्या तसे यायचे, खाटेच्या पायातून अंगात शिरायचे. म्हणजे आम्ही जे ऐकत होतो तो सिनेमा नव्हता, गाणंही नव्हतं. सिनेमाच्या खाली जे चाललेलं असतं, ज्याकडे तिकीट काढून बसलेला माणूस लक्ष देत नाही, तेवढंच आम्हाला मिळायचं. रोज चार वेळा.

मी माहेरी, जळगावला, पेटीच्या चार परीक्षा दिल्या होत्या. पेटी माहेरीच राहिली, कारण सून पेटी वाजवणार म्हटल्यावर सासरच्यांचे चेहरे जरा उतरले होते. पण कान बरोबर आले होते. त्या कानांनी मी भिंत ऐकायचे आणि मनातल्या मनात सूर लावायचे. अक्कांना सा ठाऊक नव्हता, रे ठाऊक नव्हता. तरी महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला याचा थोडा रागच आला. चार परीक्षा दिल्या होत्या मी.

अक्कांनी संगीतकारांना नावं दिली होती. एक होता घाईवाला. ढोलक, ताशा, सगळं एकावर एक, श्वास घ्यायला जागा नाही. तो लागला की त्या म्हणायच्या, "याना मांगे काय कुत्रं लागेल शे?" दुसरा गुळवाला. त्याची व्हायोलिनं इतकी असायची की भिंतीलाही ती सगळी अडवता यायची नाहीत. अजून काही घडलेलं नसताना हा रडा, रडा म्हणत सुटायचा. त्याच्याबद्दल अक्कांचं मत होतं, "भाजीमा बी गूळ, भाकरमा बी गूळ. खावानं कसं?" आणि तिसरा विहीरवाला. त्याचा सूर खोल पाण्यातून वर आल्यासारखा यायचा, आणि एक सूर आल्यावर दुसरा यायची त्याला घाई नसायची. मधे तो गप्प असायचा. अक्का म्हणायच्या, "हाऊ बोलत नही. नुसता उभा राहस."

पार्श्वसंगीतावर मी पुढे पुष्कळ वाचलं, विद्वानांची भाषणं ऐकली. उभा राहतो, यापेक्षा नेमकं कुणी काही सांगितलेलं मला आठवत नाही. गुळवाला प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सांगतो. विहीरवाला ते सांगत नाही. तो प्रेक्षकाच्या शेजारी येऊन थांबतो, आणि मग माणसाला जे वाटायचं ते आपोआप वाटतं. बऱ्याच संगीतकारांचा एवढा धीर होत नाही. निर्मात्याने पैसे दिलेत, वादक बसलेत, मग वाजवा.

सिनेमा बदलला की मी बाजारात जाताना पोस्टरवरचं संगीतकाराचं नाव वाचून यायचे. घाईवाला आणि गुळवाला यांच्याबाबत अक्का एकदाही चुकल्या नाहीत. विहीरवाल्याच्या वेळी मात्र नावं वेगवेगळी निघायची. मी म्हटलं, अक्का, हा तो नाही, दुसरा आहे. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की चाली बांधणारे वेगवेगळे होते, पण त्यांच्यासाठी वाद्यं बसवणारा, कुठे काय वाजवायचं ते लिहून देणारा संयोजक एकच होता. त्याचं नाव पोस्टरवर नसायचंच. तोच माझा आवडता संगीतकार. आणि त्या अर्थाने तो संगीतकारही नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येते. मला हे सगळं आठवतं ते एका तुकड्यामुळे आणि माझ्या नणंदेमुळे.

नणंद माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी घरातून गेली होती. जातीबाहेरच्या एका मुलाशी तिने लग्न केलं. तो पाचोऱ्याला घड्याळं दुरुस्त करायचा. लग्न देवळात झालं, घरचं कुणी गेलं नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. भिंतीवर तिचा फोटो होता, त्या जागी खिळा राहिला होता, आणि तो खिळा काढायचा नाही अशी अक्कांची ताकीद होती. माझा नवरा पंपांच्या सुट्या भागांची विक्री करत खानदेशभर हिंडायचा. पाचोऱ्याला गेला की तो बहिणीला भेटून यायचा, चोरून. एका उन्हाळ्यात तो तिथून परत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, तिला सातवा लागलाय.

पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात मुलीला घेऊन यायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नणंदेच्या घरी करायला बाईमाणूस कुणी नव्हतं. तिने भावाजवळ एवढंच विचारलं होतं, की आई मला नेईल का. आईला हे विचारायचं कुणी, हा प्रश्न होता. नवरा म्हणाला, योग्य वेळ बघून विचारतो. त्याची योग्य वेळ चार आठवडे झाले तरी येईना. पोट काही योग्य वेळेसाठी थांबत नाही.

त्याच चार आठवड्यांत टॉकीजला विहीरवाल्याचा एक सिनेमा लागलेला होता. मध्यंतरानंतर साधारण अर्ध्या तासाने एक तुकडा यायचा. एकच वाद्य, चेलो. व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवतात तो. तीनच्या खेळात हा तुकडा पाचच्या सुमारास यायचा. तेव्हा आम्ही दोघी मागच्या खोलीत वाळलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, डब्यात रचत बसलेल्या असायचो. तुकडा सुरू झाला की अक्कांचे हात थांबायचे. डोळ्यांत पाणी नाही, उसासा नाही. फक्त हात. तुकडा संपला की हात पुन्हा चालायचे. हे रोज. चार आठवडे मी ते बघत होते.

त्या तुकड्यात असं काय होतं ते सांगते. चाल अगदी साधी होती, पेटीच्या पहिल्या परीक्षेतलं पोरगंही वाजवेल. सूर हळूहळू वर चढायचे, पंचमावर जरा थांबायचे, आणि खाली उतरायला लागायचे. ग, रे. रे वर थांबायचे. तिथून सा एका पायरीवर. ऐकणाऱ्याचा जीव त्या सा कडे लागलेला असायचा, आणि चेलो तिथूनच मागे वळून परत वर चढायचा. तीनदा असं व्हायचं. तिसऱ्यांदा रे वरच तुकडा संपायचा. पुढे एकदा माहेरी गेले तेव्हा पेटी काढून मी ती चाल वाजवली आणि शेवटी सा लावून पाहिला. सगळं एकदम गुळगुळीत झालं, साबणाच्या जाहिरातीसारखं. त्याने तो सा का लावला नव्हता ते मला तेव्हा पटलं.

तो सिनेमा आपण बघायचाच, असं मी ठरवलं. त्या जागी पडद्यावर काय आहे ते मला हवं होतं. नवऱ्याला म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन येतो असं सांगू. एका दुपारी आम्ही भिंतीच्या पलीकडे जाऊन बसलो. संवाद पहिल्यांदाच ऐकू आले. बहुतेक सगळे नसते तरी चाललं असतं. मध्यंतर झालं, अर्धा तास गेला, आणि तुकडा सुरू झाला.

पडद्यावर हिरोची मोटरसायकल बंद पडली होती आणि तो ती ढकलत घाट चढत होता. एवढंच. घाट, मोटरसायकल, घामाघूम हिरो. तो कुठे निघाला होता त्याला फारसं महत्त्व नव्हतं, पुढच्या दृश्यात तो घरी पोचून अंघोळ करत होता. आमच्या रांगेतले चार जण तेवढ्यात उठून लघवीला गेले. आणि वर चेलो एकटा नव्हताच. त्याच्यावर व्हायोलिनांचा थर होता, भिंतीने इतके दिवस जो आमच्यापर्यंत येऊ दिला नव्हता. निर्मात्याला चेलो एकटा बोडका वाटला असणार. त्या थराखाली तो रे कुठे थांबला ते कळलंसुद्धा नाही.

मी अगदी खट्टू झाले. परत येताना नवरा म्हणाला, फायटिंग चांगली होती.

पण तेव्हापासून माझी एक समजूत पक्की झाली आहे. चांगलं संगीत चित्राला चिकटलेलं असतं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. त्या माणसाने तो तुकडा मोटरसायकलसाठी लिहिलेलाच नव्हता. दुसऱ्याच कशासाठी तरी, कदाचित स्वतःसाठीच, त्याने तो लिहून ठेवला असेल आणि तीन मिनिटांचा घाट रिकामा मिळाल्यावर तिथे टाकला असेल. आता तो तुकडा मोबाईलवर सापडतो. नुसता लावला तर व्हायोलिनंच ऐकू येतात. मी मोबाईल उशीखाली ठेवते आणि वर डोकं टेकून ऐकते. घरात मला हसतात.

सिनेमा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी कपडे धुताना अक्कांना नवऱ्याच्या खिशात तिकिटांचे अर्धे तुकडे सापडले. आता ऐकून घ्यावं लागणार, असं समजून मी बसले. त्यांनी ओले तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "तू देखा ना तो शिनेमा? तो जाड आवाज येस, तठे काय शे?"

चार आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदा त्या तुकड्याचं नाव काढलं होतं. मला मोटरसायकल म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मला एक संधीही दिसली. नवऱ्याची योग्य वेळ येत नव्हती, ती मीच आणायची ठरवलं. मी म्हटलं, अक्का, तिथे एक मुलगी पुष्कळ वर्षांनी माहेरी परत येते. आई दारात उभी असते. ती मुलीला आत घेते.

अक्का उठून कपडे वाळत घालायला गेल्या. तीनचा खेळ सुरू झाला. आम्ही बिबडे घेऊन बसलो. मध्यंतराची शांतता झाली, ती सरली. पाच वाजत आले. तुकडा लागला. अक्कांचे हात थांबले, पण या वेळी त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले. सूर चढले, उतरले, रे वर थांबले. पुन्हा चढले. तिसऱ्यांदा थांबले आणि संपले. अक्कांनी डोळे उघडले.

"खोटं बोलस तू," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती घर येत नही. दारलगून येस अन् फिरी जास."

मला इतकी लाज वाटली की मी मान वर केली नाही. ज्या गोष्टीवर मी मनातल्या मनात पेटीच्या पट्ट्या मोजत बसले होते, ती या बाईने चार आठवड्यांपूर्वीच ओळखली होती. मी सगळं कबूल केलं. मोटरसायकल, घाट, अंघोळ. अक्का ऐकत राहिल्या. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"मंग तुले हाई आंडेर कोठून सुचनी?"

आंडेर म्हणजे मुलगी. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, अक्का, पाचोऱ्याहून निरोप आहे. तिला दिवस गेलेत. आई मला नेईल का, असं विचारलंय.

"कितवा लागना?"

"सातवा. आता सरत आलाय."

"अन् हाई बठ्ठासले माहीत शे?"

सगळ्यांना म्हणजे आम्हा नवराबायकोला. मी होकाराची मान हलवली. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. त्या उठल्या, आत गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या. मुलाला बोलावतील आणि घर डोक्यावर घेतील, असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं, सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे. मी म्हटलं, ह्यांना विचारते, हेच घेऊन जातील तुम्हाला. त्या म्हणाल्या, "तो नको. तू चाल."

दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याच्या एसटीत आम्ही दोघी होतो. पारोळा गेलं, भडगाव गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी शेतं. अक्का खिडकीशी बसल्या होत्या.  मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात खण, नारळ आणि बिबड्यांचा डबा. ती त्यांनी मला धरायला दिली नाही. त्या ऐन वेळी वळतील अशी मला भीती वाटत होती. पाचोऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्या खरंच दहा मिनिटं बाकावर बसून राहिल्या. मी त्यांना घाई केली नाही.

घर स्टँडपासून जवळ होतं, पत्र्याचं, दारात तुळस. जावई दुकानावर गेलेले. दार नणंदेने उघडलं. मी तिला फोटोतसुद्धा पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं, अक्कांची हनुवटी होती तिला. पोट चांगलंच दिसत होतं. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती बाजूला सरली. आम्ही आत जाऊन चटईवर बसलो.  बाहेर ऊन मी म्हणत होतं, आम्ही घामाने भिजलो होतो, अक्कांचे ओठ सुकले होते. नणंद समोर भिंतीला टेकून उभी होती. तिने पाणी विचारलं नाही.

तिने का विचारलं नाही ते मला कळत होतं. आमच्याकडे आई लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, तिला मूल होईपर्यंत. कन्यादान केलेलं असतं, आणि दान दिलं तिथलं परत घ्यायचं नाही. पाणी विचारून आईचा नकार ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं.

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पानी दे," त्या म्हणाल्या.

नणंद हलली नाही. "आई, तू पित नही ना आंडेरना घरनं," ती म्हणाली. 

"ज्यासनी दान दिधं त्या पेत नही," अक्का म्हणाल्या. "तुले मी दान कव्हय दिधं? तू आजून मनीच शे. पानी दे."

नणंद आत गेली. माठावरची ताटली वाजली, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. ती तांब्या घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. अक्कांनी तांब्या दोन्ही हातांनी वर धरला आणि थेट शेवटपर्यंत रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं, ते त्यांनी पदराने पुसलं, आणि रिकामा तांब्या लेकीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "तुना कपडा भर."